वॉचमनची वाळू

सुहास,

तुझ्याशी मी खोटं बोलले. एकदा नाही, सात आठवडे, रोज दुपारी, तुझ्या उशाशी बसून, तुझ्या डोळ्यांत बघून. टाकीत वाळू घातली म्हणून सांगितलं. घातली नव्हती. तू गेलास त्या दिवशीसुद्धा टाकीच्या तळाला नुसती काच होती, आणि वाळूच्या तीन पिशव्या गाद्यांच्या मागे, तू लपवल्या होत्यास तशाच, न फोडता पडल्या होत्या.

आज तेवीस दिवस झाले. माणसं येतात, फोन करतात, सुहास किती शांत होता, किती समंजस होता म्हणतात. मी हो ला हो करते. मला मात्र त्या वाळूशिवाय दुसरं काही सुचत नाही. चहा ठेवला की वाळू, कचरा वेगळा करायला बसले की वाळू. म्हणून म्हटलं, तुझ्याशीच बोलून टाकावं.

भांडण जुनं होतं आपलं. जपानात, उरायासूला आल्यावर तिसऱ्या वर्षी तू ती माशांची टाकी आणलीस. तोवर मी मैत्रिणींना सांगायचे, आमच्याकडे नवऱ्याला कसला छंद नाही, सुटले मी. मग तू मिठाचा डबा आणून बादलीत समुद्र कालवायला लागलास. खिडकीतून एवढी खाडी दिसते, तिथलं आण की बादलीभर, असं मी म्हटलं तर तू माझ्याकडे असं बघितलंस जणू मी देवाला शिळ्याचा नैवेद्य दाखवायला सांगितला.

आणि मग ती पाच पुड्यांची संध्याकाळ. जेवणाच्या टेबलावर तू पाच वाट्यांत पाच प्रकारची वाळू काढून ठेवलीस आणि म्हणालास, "मंजू, बोटांत चोळून बघ." एक मैद्यासारखी, एक बारीक रवा, एक जाड रवा, एक लापशी, आणि शेवटची थेट साबुदाण्याएवढी. मी म्हटलं, "लाडू करायचेत की खिचडी?" तुला हसू आलं नाही. तू गंभीरपणे समजावायला लागलास. मैद्यासारखी घेतली तर पंपाच्या झोताने उडते आणि प्रवाळांच्या अंगावर बसते. साबुदाण्यासारखी घेतली तर मधल्या फटींत घाण साठून सडते. "प्रश्न मधल्या मापाचा आहे," म्हणालास, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बोलतोस तसा. माझी पोळी तव्यावर करपली त्या दिवशी.

मी म्हटलं, वाळूच नको. नुसती काच ठेव. घाण पडली की दिसते, नळीने ओढून काढता येते. पुष्कळ लोक तशीच ठेवतात, हे तूच मला वाचून दाखवलं होतंस ना? मी तुझाच बाण तुझ्यावर सोडला, आणि तू पाचही वाट्या परत पुड्यांत भरल्यास.

पण खरं कारण ते नव्हतं, आणि तुला ते माहीत होतं. नुसत्या काचेची टाकी अर्ध्या दिवसात रिकामी करता येते. वाळूचा जाड थर घातला, तो मुरला, की तो हलवता येत नाही. हलवला तर तळाशी कोंडलेलं सगळं वर येतं आणि वरचं जिवंत असेल ते मरतं. आणि मला मार्चमध्ये परत जायचं होतं. दर मार्चमध्ये. तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढायचं, मी महिनाभर तोंड पाडून बसायचे, मग पुढच्या मार्चवर बोट ठेवायचे. सिंहगड रोडच्या आपल्या फ्लॅटमध्ये भाडेकरू सुखाने राहत होते आणि मी इथे हिगाशी-कसाईच्या किराणा दुकानात बाइतो, म्हणजे तासांवरची नोकरी, करून डाळींची पाकिटं रचत होते. टाकीत वाळू पडली की आपण इथलेच झालो, असं माझ्या मनाने घेतलं होतं. तू एवढंच म्हणालास, "तुला वाळूचं वावडं, आणि ही आपली अख्खी इमारत समुद्रात टाकलेल्या भरावावर उभी आहे." आणि मग म्हणालास, "बरं."

तुझं ते "बरं"! भांडायचा नाहीस, हा तुझा सगळ्यात वाईट गुण. तुझं "बरं" ऐकलं की त्या वेळी मी जिंकले असं वाटायचं आणि दोन दिवसांनी हरल्यासारखं वाटायचं.

आठ वर्षं टाकी तशीच चालली. मग तू तो मासा आणलास. बोटाएवढा जीव, तोंड मात्र खांद्यापर्यंत फाटलेलं आणि डोळे खोबणीतून बाहेर. जॉफिश म्हणालास. बिळात राहतो, तोंडाने वाळू उचलून बाहेर थुंकतो, बिळाच्या तोंडाशी खडे रचतो आणि अर्धं अंग बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसतो. सई वाकून बघत म्हणाली, "हा तर आज्जीच्या सोसायटीचा वॉचमन!" आपली लेक चौदा वर्षांची, विचारलेल्याला निम्म्या वेळा जपानीत उत्तर देणारी, ती आपणहून अख्खं वाक्य मराठीत बोलली. म्हणून ते नाव राहिलं.

वाळू नाही म्हणून तू त्याला पाइपचा एक वाकडा तुकडा दिलास. त्यात तो राहायचा. अधूनमधून बाहेर यायचा, काचेवर तोंड घासायचा, तिथे नसलेली वाळू उचलायचा आणि पाइपच्या तोंडाशी नेऊन थुंकायचा. परत जायचा, परत उचलायचा. दिवसभर. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही रे. पण मी म्हणायचे, "होईल त्याला सवय." मी इथे आले त्या वर्षी तू मला हेच म्हणाला होतास.

पुढच्याच महिन्यात तू तीन पिशव्या आणून ओशिइरेत, त्या भिंतीतल्या कपाटात, गाद्यांच्या मागे ठेवल्यास. मला दिसल्या. गाद्या मीच काढते-घालते, दिसणार नाहीत तर काय? मी दिसल्या नाहीत असं दाखवलं.  अकरा महिने त्या पिशव्या आपल्या दोघांच्या मध्ये होत्या.

मग तुझं पोट दुखायला लागलं. पुढचं तुला माहीतच आहे, ते मी लिहीत नाही.

हॉस्पिटलमध्ये मी पोचले की तुझा पहिला प्रश्न ठरलेला. "वॉचमन कसा आहे?" पहिला आठवडा मी खरं सांगितलं. बरा आहे, खातोय, पाइपात आहे. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. टॅब्लेटवर दुभाषी होती, कुठल्या तरी दुसऱ्या शहरात बसलेली एक बाई, आणि तिने मला अगदी मऊ आवाजात सांगितलं की आता महिने नाहीत, आठवडे आहेत. मी तोंड धुतलं आणि आत आले. तू विचारलंस, "वॉचमन कसा आहे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाळू घातली मी."

तू डोळे सताड उघडलेस. "कुठली?"

"कुठली म्हणजे? तीच. गाद्यांमागची."

तू हसलास. पोटाला कळ आली तरी हसत राहिलास. मग लगेच काळजीत पडलास, "दगड काचेवरच आहेत ना? वाळूवर नको ठेवूस. खणता खणता स्वतःच्या डोक्यावर पाडून घेईल."

"काचेवरच आहेत," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

तू म्हणशील, मग घातली का नाहीस? तीन पिशव्या घरात, हात धड, कोणी अडवलं होतं? रोज परतीच्या गाडीत मी ठरवायचे, आज घालायचीच. घरी आले की सईचं जेवण, तुझे कपडे, दुसऱ्या दिवशीचा कचरा. पण तीही सबबच. खरं सांगू? ते भांडण मला मिटवायचं नव्हतं. वाळू घातली असती तर आपल्यात काही बाकी राहिलं नसतं. तू घरी येणार, तू स्वतः पिशवी फोडणार आणि मी नको म्हणून तंडणार, हे मला तसंच ठेवायचं होतं. मूर्खपणा होता. पण त्या सात आठवड्यांत मला धरायला तेवढंच होतं.

मग रोज एक गोष्ट सांगावी लागली. पहिल्या दिवशी तो नुसता वास घेत फिरला. दुसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यात खणायला लागला. मग छप्पर कोसळलं आणि तो तोंडात माती गेलेल्या पोरासारखा बाहेर आला. मग कोळंबी त्याच्या बिळात शिरली आणि त्याने तिला थुंकून बाहेर काढली. मी गाडीत बसून उद्याचं काय सांगायचं ते ठरवायचे. एकदा शिंपल्यांचा कठडा बांधला म्हणून सांगितलं, तर तू विचारलंस, "किती शिंपले?" मी म्हटलं, "सात." तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालास, "वा."

एकदा तर मी पुरती घसरले. आदल्या दिवशी बीळ डाव्या कोपऱ्यात होतं आणि मी उजव्या कोपऱ्यातलं वर्णन करून मोकळी झाले. जीभ चावली. तू काहीच बोलला नाहीस. तू! मी सव्वासातची गाडी म्हटलं की "सात सतरा" म्हणणारा माणूस. पोह्यांत हळद कधी घालायची यावर मला दुरुस्त करणारा. मला वाटलं, औषधांची गुंगी आहे. बाहेर येऊन मी देवाचे आभार मानले.

शेवटच्या आठवड्यात तुझा आवाज गेला. तू नुसती भुवई उचलायचास. मग मी सुरू करायचे.

तुझं सगळं इथेच केलं. भाऊजी आले होते पुण्याहून, त्यांनी विधी केले. आपल्याकडे मला स्मशानात नेलंही नसतं, इथे मला आणि सईला पुढे उभं केलं आणि हातात लांब काड्या दिल्या. इथे राख होऊ देत नाहीत, हाडं ठेवतात, आणि घरच्या माणसांनी ती काड्यांनी उचलून कलशात घालायची. दोघांनी मिळून एक. आपलं सावडणंच, फक्त हातात काड्या. सई आपल्याला जेवताना किती वेळा ओरडली होती, एकाने काडीने उचललेलं दुसऱ्याने काडीने घ्यायचं नाही म्हणून. आपण हसायचो. का घ्यायचं नाही ते त्या दिवशी कळलं. तिने एकदाही चुकवलं नाही. माझ्या हातून दोनदा सुटलं.

तेराव्याचं भाऊजींनी परत जाऊन पुण्यात केलं, मी व्हिडिओवर पाहिलं. तो बंद केला, उठले, गाद्या काढल्या आणि पहिली पिशवी बाथरूममध्ये ओढत नेली. पिशवी फोडली तर आत ओली वाळू, पाण्यासकट, आणि समुद्राचा वास. पांढरे, पिवळसर तुकडे, काही बारीक, काही बोटाच्या पेराएवढे. ही सगळी प्रवाळांची हाडं आहेत, असं तू कधी तरी सांगितलं होतंस. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. त्या दिवशी ओंजळीत घेतली आणि फरशीवरच बसले.

मग मी ती धुतली. आपल्या घरात बाहेरून आलेलं काही धुतल्याशिवाय आत जातं का? तांदूळ धुतो, डाळ धुतो, आई तर मिठाची पिशवीसुद्धा बाहेरून पुसून घ्यायच्या. बादलीत घेतली, नळ सोडला, हाताने घोळली. पहिलं पाणी ताकासारखं निघालं. दुसरं तसंच. मी हटले नाही. तिन्ही पिशव्या, प्रत्येकीला अकरा पाणी, शेवटचं पाणी नितळ येईपर्यंत. बोटांची कातडी सोलली. मनात म्हटलं, आयुष्यात एकदा तुझ्या टाकीचं काम मी मन लावून केलं.

सई शाळेतून आली. रिकाम्या पिशव्या बघितल्या, बादल्या बघितल्या. "आई, तू हे धुतलंस?"

"मग काय तशीच घालू?"

तिने पिशवी हातात घेतली, जपानीत वाचली, मग माझ्याकडे न बघता मराठीत सांगितलं, "इथे मोठ्या अक्षरांत लिहिलंय, धुऊ नका. ही जिवंत वाळू आहे. तिच्यात जंतू असतात, चांगले. नळाच्या पाण्याने मरतात."

बारा वर्षं झाली मला या देशात. पिशवीवरच्या दोन ओळी मला वाचता येत नाहीत, कारण तू होतास ना वाचायला. तू मुद्दाम जिवंत आणली होतीस आणि मी ती अकरा पाण्यांत मारली. तुझ्या वेळी मी रडले नव्हते, सुहास. तेव्हा जो तो काय करायचं ते सांगत होता आणि मी करत होते. त्या बादल्यांपाशी मात्र मी अशी रडले की सई घाबरली. "दाइजोबु, दाइजोबु," काही नाही होत, म्हणत माझी पाठ थोपटत राहिली, मी ती लहान असताना थोपटायचे तशी.

दुसऱ्या दिवशी ती मला तू टाकीचं सामान आणायचास त्या दुकानात घेऊन गेली. दुकानातल्या म्हाताऱ्यांनी तुझं ऐकून मान खाली घातली. मग वाळूचं ऐकलं आणि दातांतून हवा ओढली. सई भाषांतर करत होती. वाळू मेली तरी वाया गेली नाही, म्हणाले. तुमच्या टाकीतले दगड जिवंत आहेत, त्यांच्यामुळे ती हळूहळू परत जिवंत होईल. आणि आतल्या टाकीतून मूठभर वाळू काढून पाण्यासकट पिशवीत बांधून दिली. ही तुमच्या वाळूत मिसळा, म्हणजे लवकर होईल. विरजणच की ते! हे मला न सांगता कळलं.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

सईने उत्तर ऐकलं आणि सांगायच्या आधी माझ्याकडे बघितलं. "अर्धं वर्ष धरा म्हणतात." पुण्याहून आई रोज विचारतात, एप्रिलमध्ये येताय ना दोघी? मी पिशवी छातीशी धरून गाडीत बसले. आईंना अजून उत्तर दिलेलं नाही.

पंप बंद करून, सईने वॉचमनचा पाइप धरला आणि मी वाटी-वाटीने तळाशी वाळू सोडली. अर्धी वीत थर झाला. पाणी दिवसभर गढूळ होतं. ते निवळलं तेव्हा वॉचमन आपला पाइपातच. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. खायला तेवढा डोकं बाहेर काढायचा आणि परत आत. जन्म काचेवर घासण्यात गेला, आता समोर वाळू आहे तर त्याला ती कळेना. मी मनात म्हटलं, मंजू, फार उशीर केलास बाई. सगळ्यांच्याच बाबतीत.

आज दुपारी मी भाजी निवडत होते आणि सई टाकीसमोर फोन घेऊन उकिडवी बसली होती. तिने फोटो काढला आणि लगेच माझ्यामागच्या खणात टिंग वाजलं. त्या खणात तुझा फोन आहे. बँकेचे ओटीपी त्याच्यावर येतात म्हणून मी तो चार्ज करून ठेवते. सईचा चेहरा लाल झाला.

"कोणाला पाठवलास?"

"बेत्सुनी," म्हणाली. काही नाही, असं म्हणायची तिची पद्धत.

मी खण उघडला. तुझा पासवर्ड तू कधी बदलला नाहीस. सई आणि बाबा, फोटोंची रांगच्या रांग. मी वर सरकवत गेले. तू हॉस्पिटलात गेलास त्या दिवसापासून, रोज शाळेला जायच्या आधी, टाकीचा एक फोटो. रोज. नुसती काच, वाकडा पाइप आणि पाइपातून बघणारा वॉचमन. मी तुला शिंपल्यांचा कठडा सांगितला त्या दिवशीची काच तर इतकी लख्ख होती की तिच्यात सईची बोटं दिसत होती.

आणि मध्ये एका ठिकाणी तुझं आणि तिचं बोलणं.

"वाळू घातली म्हणाली आई. फोटोत दिसत नाही."

"नाही घातली. सांगू का तिला?"

"नको. मला फोटो येतात हेही सांगू नकोस. ती फार छान सांगते."

लबाड माणसा! मी तिथे जीव मुठीत धरून, घामाने भिजून खोटं बोलत होते, आणि तू सकाळीच काच बघून मग मला विचारत होतास, किती शिंपले? पिशव्या मला दिसल्या नाहीत असं मी अकरा महिने दाखवलं, त्याची फेड केलीस होय? मी फोन हातात धरून हसले, आणि हसता हसता मला तुझा असा राग आला की तू समोर असतास तर भाजीची जुडी फेकून मारली असती. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंस, "मंजू, घाल ना वाळू." त्याच संध्याकाळी घातली असती. असती का? माहीत नाही. कदाचित तुलाही माहीत नव्हतं, म्हणून तू विचारलं नाहीस.

सई हळूच म्हणाली, "आई, आजचा फोटो तर बघ."

मी फोटो बघितला नाही, टाकीच बघितली. तर ऐक. आज वॉचमन पाइप सोडून बाहेर आला. डाव्या कोपऱ्यात, दगडाच्या कडेला, त्याने तोंडभर वाळू उचलली आणि थुंकली. परत उचलली. एकदा छप्पर कोसळलं, तो मागे सरला, थोडा वेळ बघत बसला आणि पुन्हा लागला. आता हे लिहितेय तेव्हा अर्धं अंग आत आहे. शिंपला एकच लावलाय, सात नाही. आणि बीळ डाव्या कोपऱ्यातच आहे, उद्या विचारलंस तरी डावाच सांगेन. खोटं वाटत असेल तर लेकीने फोटो पाठवलाय, बघ.